फ्लॉपनंतरचा पोकर : तीनपत्तीची सवय इथेच खिसा कापते

बेळगाव : शनिवारी दुपारनंतर जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरणाऱ्या गाड्यांतले सगळेच काही समुद्र बघायला जात नाहीत. मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर पोकरच्या टेबलाला बसायला जाणारी पोरंही त्यात असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा मंजूर केला, पैसे लावून खेळायच्या ॲपना टाळं लागलं, आणि मोबाईलवर पोकर शिकलेल्यांना खरा डाव खेळायचा तर गोवा जवळचा उरला. कर्नाटकात कॅसिनो नाहीत. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला.

जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण जाणाऱ्यांपैकी अनेकांचे पैसे एका ठरावीक जागी जातात, आणि ती जागा सुरुवातीच्या दोन पानांत नसते. टेबलावर तीन पानं उघडल्यानंतर, म्हणजे फ्लॉपनंतर, पैसे जातात.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नो-लिमिट टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन बंद पानं मिळतात. त्यावर पहिली बोली होते. मग टेबलाच्या मध्यावर सगळ्यांसाठी तीन पानं उघडतात, तो फ्लॉप. पुन्हा बोली. चौथं पान टर्न, पुन्हा बोली. पाचवं पान रिव्हर आणि शेवटची बोली. आपली दोन आणि टेबलावरची पाच, या सातांतून सर्वांत चांगली पाच पानं धरायची. नो-लिमिट म्हणजे कोणत्याही वेळी समोरच्या सगळ्या चिप्स पुढे सरकवता येतात. खिशातून नवीन पैसे काढून मधल्या डावात घालता येत नाहीत, टेबलावर असेल तेवढंच.

दिवाळीच्या पत्त्यांचा संस्कार

आपल्याकडे पत्ते म्हटले की तीनपत्ती. दिवाळीत, लग्नघरात, मिरवणुकीच्या रात्री. तीनपत्तीत पानं एकदाच मिळतात आणि शेवटपर्यंत बदलत नाहीत. सुरुवातीला जोडी असेल तर शेवटीही जोडीच. त्यामुळे तिथे खेळ आहे तो दम धरण्याचा : कोण आधी पॅक करतो आणि कोण चाल वाढवत नेतो. ब्लाइंड खेळणाऱ्याला तर स्वस्तात बसायला मिळतं.

पोकरमध्ये पान उघडलं की प्रत्येकाच्या हातातल्या पानांची किंमत बदलते. एक्का-राजा हातात असला तरी टेबलावर तीन बदाम आणि लागोपाठची पानं आली की त्या एक्क्याची ऐट संपली. तीनपत्तीत मुरलेल्याला ही किंमत पुन्हा मोजायची सवयच नसते. त्याने सुरुवातीला ठरवलेलं असतं, 'आपलं पान भारी आहे', आणि तो रिव्हरपर्यंत त्याच मतावर बसून राहतो.

डोकं गोंधळवणारी आणखी एक गोष्ट. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये उलट, कलर म्हणजे फ्लश हा सिक्वेन्सला म्हणजे स्ट्रेटला मारतो. यात लहर कुणाचीच नाही. तीन पानांत साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे येतो आणि कलर १०९६ प्रकारे, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत स्ट्रेट १०,२०० प्रकारे येतो, फ्लश ५,१०८ प्रकारे. ज्याची आवक कमी त्याचा भाव जास्त, साधा बाजार.

आधी पॉट मोजा

ॲपवर खेळताना पॉटमध्ये किती पैसे आहेत ते पडद्यावर दिसायचं. टेबलावर तसं नाही. नो-लिमिटमध्ये डीलर पॉट मोजून सांगत बसत नाही. प्रत्येक बोलीला मनात बेरीज ठेवावी लागते, आणि ज्याने ती ठेवली नाही त्याचे पुढचे सगळे निर्णय अंदाजपंचे.

बेरीज कशासाठी, तर भाव काढण्यासाठी. समजा पॉटमध्ये १००० आहेत आणि समोरच्याने ५०० लावले. आता ५०० देऊन १५०० जिंकायचे आहेत. आपले ५०० धरून एकूण २०००. त्यात आपला वाटा ५००, म्हणजे पाव. चारपैकी एकदा जरी जिंकलो तरी हिशेब बरोबरीत. समोरच्याने पूर्ण पॉटएवढे, १००० लावले तर तीनपैकी एकदा जिंकावं लागतं. पॉटच्या एक तृतीयांश लावले तर पाचांत एकदा पुरतं. हे तीन आकडे तोंडपाठ असले की निम्मं काम झालं.

दुसरी बाजू शक्यतेची. हातात दोन बदाम, टेबलावर दोन बदाम, एक आणखी आला की फ्लश. तेरांतले चार दिसले, उरले नऊ. टर्नवर उभं असताना न दिसलेली पानं ४६, म्हणजे रिव्हरला बदाम यायची शक्यता ४६ पैकी ९, साधारण १९.६ टक्के. दोन्ही टोकांनी उघडा असलेला स्ट्रेट पुरा व्हायला आठ पानं असतात, त्याचे १७ टक्के. मधलं एकच पान हवं असेल तर चार पानं, नऊ टक्क्यांच्या आतच. टेबलावर एवढा भागाकार जमत नसेल तर सोपी रीत आहे : उपयोगी पानांना दोनने गुणायचं, की पुढच्या एका पानाची टक्केवारी जवळपास येते. दोन पानं बघायची असतील तर चारने.

या चारच्या गुणाकारात बरेच जण फसतात. फ्लॉपवर नऊ पानांचा फ्लश अडलेला असला की ते छत्तीस टक्के धरतात आणि आनंदाने कॉल करतात. पण त्यांनी पैसे भरलेत एकाच पानाचे. टर्न कोरा गेला की समोरचा पुन्हा बोली लावतो आणि दुसऱ्या पानासाठी पुन्हा पैसे मागतो. छत्तीस टक्के तेव्हाच खरे, जेव्हा कुणीतरी ऑल-इन आहे आणि पुढे काही भरायचं नाही.

आता वरचाच डाव घ्या. टर्नवर पॉट १०००, समोरच्याचे ५००, हातात फ्लशची आशा. हवेत २५ टक्के, आहेत १९.६. निव्वळ भावाने कॉल तोट्याचा. मात्र खेळ नो-लिमिट आहे. फ्लश लागला तर रिव्हरवर आणखी पैसे काढता येतील. किती काढावे लागतील? ४६ पैकी ३७ वेळा ५०० जाणार, म्हणजे १८,५००. ते ९ वेळांत वसूल करायचे, तर प्रत्येक वेळी २,०५६ मिळायला हवेत. पॉटमधले १५०० सोडून वरचे साधारण ५५६. समोरच्याकडे अजून ५००० शिल्लक असतील आणि तो सहजासहजी न सोडणारा असेल तर कॉल चालतो. त्याच्याकडे ३०० च उरले असतील तर फेकून द्यायचं. पानं तीच, भावही तोच, पण समोरच्याच्या चिप्सची उंची बघून निर्णय फिरतो. म्हणून बोलीआधी त्याच्यापुढची चळत बघायची.

एक्का-राजाचा एक डाव

आकडे पाठ असलेला माणूसही कुठे बुडतो, हे एका डावावरून कळेल. डाव कल्पित आहे, पण असा डाव रोज रात्री कुठल्या ना कुठल्या टेबलावर होतो.

ब्लाइंड ५०-१००. दोघांकडे दहा-दहा हजार. बटनवर, म्हणजे सर्वांत शेवटी बोलायच्या जागेवर, बसलेल्याकडे इस्पिक एक्का आणि चौकट राजा. तो ३०० लावतो, बिग ब्लाइंड कॉल करतो, बाकी पॅक. पॉट ६५०. फ्लॉप : किलवर राजा, बदाम नव्वी, बदाम अठ्ठी. राजाची जोडी, वर एक्का. समोरचा चेक. आपला माणूस ४०० लावतो, समोरचा कॉल करतो. पॉट १,४५०. इथपर्यंत ठीक.

टर्न : बदाम सत्ती. समोरचा पुन्हा चेक. आपला माणूस १,००० लावतो. समोरचा ३,००० करतो.

इथे थांबायला हवं होतं. खरं तर हजार लावण्याआधीच थांबायला हवं होतं. बदाम सत्तीने फ्लश पुरा केला, गुलाम-दश्शीचा स्ट्रेट पुरा केला, छक्की-पंजीचाही केला. त्या हजाराला कोण कॉल करणार? चांगली पानं असणारा, किंवा हातात मोठा बदाम धरून बसलेला. बारीक जोडीवाला पळून जाणार. म्हणजे हरणारे पळतात आणि जिंकणारे राहतात, अशी बोली. टर्नवर चेक करून पॉट १,४५० वरच ठेवला असता, तर रिव्हरवर मध्यम बोलीला कॉल करता आला असता. एका जोडीची लायकी तेवढीच. लहान पानाला लहान पॉट.

पण आपल्या माणसाने ३,००० ला कॉल केला. पॉट ७,४५०. फ्लश किंवा स्ट्रेटसमोर आता कोणतंही पान येवो, त्याची सुटका नव्हती, कारण हातात बदाम एकही नाही. रिव्हर : इस्पिक दुर्री. समोरच्याने उरलेले ६,३०० सगळे पुढे सरकवले.

आता मनात काय चालतं? 'एवढे घातलेत, आता सोडायचे होय?' जमाखर्च ज्याने शिकलाय त्याला ही चूक ओळखीची आहे. बुडालेला खर्च पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. पॉटमधले ३,७०० आता त्याचे नाहीत, ते पॉटचे आहेत. प्रश्न एवढाच : ६,३०० देऊन १३,७५० मिळवायचे, त्याला साधारण ३१ टक्के विजय हवेत. आहेत का?

मोजू या. समोरच्याकडे गुलाम-दश्शी असायचे १६ प्रकार. नव्वी-अठ्ठीच्या दोन जोड्या, तीन गुणिले तीन, ९ प्रकार. नव्व्या, अठ्ठ्या किंवा सत्त्यांची जोडी धरून तिप्पट केलेला, प्रत्येकी ३, मिळून ९. झाले ३४. यात साधे फ्लश धरलेच नाहीत. एवढ्या ३४ शी बरोबरी साधायची तर समोरच्याकडे निदान १६ प्रकारच्या निव्वळ थापा असायला हव्यात. टर्नला चेक-रेझ करून रिव्हरला सगळं घालणारा, अनोळखी, शनिवारचा खेळाडू इतक्या थापा मारत नाही. क्वचित मारतो. पण फोल्ड स्वस्त आहे आणि इथे बरोबरही आहे.

पोकरमध्ये 'त्याच्याकडे काय आहे' असं एकच पान हुडकायचं नसतं. तो असा खेळला तर त्याच्याकडे कायकाय असू शकतं, त्या सगळ्याची यादी मनात धरायची आणि प्रत्येक बोलीला ती कापत जायची. याला रेंज म्हणतात. सुरुवातीला अवघड वाटतं. दोन-तीन महिन्यांनी पंधरा-वीस प्रकार मोजणं डोळे मिटून जमतं.

टेबल कोरडं की ओलं

फ्लॉपचा स्वभाव ओळखणं हे दुसरं मोठं कौशल्य. इस्पिक राजा, चौकट सत्ती, किलवर दुर्री असा फ्लॉप कोरडा. तीन रंग, दूरदूरची पानं, कुणाला फारशी आशाच नाही. दोन वेगळी पानं हातात असतील तर फ्लॉपवर जोडी लागायची शक्यता तीनांत एकच असते. म्हणजे समोरच्यालाही बहुतेक वेळा काही लागलेलं नसतं. अशा जागी पॉटच्या एक तृतीयांश बोली पुरते. सोडणारा तेवढ्यालाही सोडतो.

बदाम गुलाम, बदाम दश्शी, किलवर नव्वी हा ओला. इथे अर्ध्या टेबलाला काही ना काही आशा असते. चांगली पानं असतील तर मोठी बोली लावून आशेवाल्यांकडून भाव वसूल करायचा. काही नसेल तर गप चेक करायचं. अनेक जण फ्लॉप कोणताही येवो, एकच ठरलेला आकडा लावतात. समोरच्याला तेच हवं असतं.

थाप एकाला, चौघांना नाही

पॉट १०००, थाप ५०० ची. तीनपैकी एकदा समोरचे पळाले तरी नुकसान नाही. समोर एकच खेळाडू असेल आणि तो शंभरात साठ वेळा पॅक करत असेल तर थाप फायद्याची. पण समोर तिघे असतील तर? तिघांनीही पॅक करायला हवं. साठ टक्क्यांचा तीनदा गुणाकार, २१.६ टक्के. थाप तोट्यात.

सुट्टीच्या रात्रीच्या स्वस्त टेबलांवर एकेका फ्लॉपला चार-पाच जण असतात. माणूस घाट उतरून आलाय, प्रवेशाचे पैसे भरलेत, तो पॅक करायला आलेला नाही. 'बघू की काय होतंय' म्हणत तो शेवटपर्यंत येतो. तिथे थापा कमी आणि चांगल्या पानांवर मोठी बोली, एवढंच चालतं. कंटाळवाणं आहे, पण चालतं ते हेच.

आणि जागा. शेवटी बोलणाऱ्याला सगळ्यांची चाल बघून ठरवता येतं. तेच पान बटनवर कमाई देतं आणि पहिल्या जागेवर डोकेदुखी. आधी बोलायच्या जागेवरून साधारण पानं घेऊन फ्लॉप बघायचा मोह टाळला, तर फ्लॉपनंतरचे निम्मे अवघड प्रश्न येतच नाहीत.

यंत्राची शिकवणी

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रॅटस' या संगणक प्रणालीने चार नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूंना समोरासमोरच्या नो-लिमिटमध्ये हरवलं. वीस दिवस, १ लाख २० हजार डाव. शेवटी यंत्र १७ लाख डॉलरहून अधिक किमतीच्या चिप्सनी पुढे होतं. ट्युओमास सँडहोम आणि नोम ब्राऊन यांनी ते बनवलं होतं. पॉटच्या कितीतरी पट मोठ्या बोली ते बिनदिक्कत लावायचं, माणसांना ते बघवत नव्हतं.

साध्या खेळाडूने त्यातून उचलायचं ते वेगळं आहे. दिवसभर खेळाडूंनी यंत्राच्या खेळात जी भोकं शोधली, ती यंत्र रात्री बुजवत बसायचं. खेळ संपल्यावरचं हे काम माणसं टाळतात. हल्ली डाव घालून उत्तर काढणारी सॉल्व्हर नावाची सॉफ्टवेअर मिळतात, पण सुरुवातीला तीही लागत नाहीत. एक वही पुरते. आपली पानं, जागा, समोरच्याची चळत, फ्लॉप, टर्न, रिव्हर, प्रत्येक वेळचा पॉट, आणि कॉल करताना मनात काय होतं. असे वीस-पंचवीस डाव लिहिले की दिसतं, पैसे कोणत्या रकान्यातून गळतात. बहुतेकांचं रिव्हरच्या कॉलमध्ये निघतं. सरावाला बिनपैशाचे खेळ आहेत, पण तिथे काही जात नसल्याने लोक काहीही कॉल करतात. पानं मोजायला ते ठीक, माणूस वाचायला नाही.

वहीत आणखी दोन रकाने लागतात, आणि ते सहसा कुणी आखत नाही. एक रेक, म्हणजे प्रत्येक पॉटमधून घराचा कापला जाणारा हिस्सा. टेबलावरच्या सगळ्यांची बेरीज केली तर ती दर तासाला घटतच असते. समोरच्यापेक्षा थोडं बरं खेळून भागत नाही, रेक भरून वर उरेल इतकं बरं खेळावं लागतं. दुसरा कर. जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर, वर उपकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. गाडीचं पेट्रोल आणि प्रवेशाचे पैसेही नाहीत. सहा फेऱ्यांत तीनदा पन्नास हजार जिंकून तीनदा पन्नास हजार हरणारा माणूस बरोबरीत आहे असं घरी सांगतो. आयकराच्या हिशेबात तो दीड लाख कमावलेला असतो.

टेबलावर तासाला पंचवीस-तीस डावच होतात, त्यातले निम्म्याहून जास्त पहिल्या दोन पानांवरच फेकायचे. त्यामुळे लिहिण्यासारखे डाव एका रात्रीत चार-पाचच निघतात. ते परतताना घाटाच्या माथ्यावर चहाला थांबून मोबाईलमध्ये टिपून घेतले तरी चालतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं आठवतात, पॉट किती होता ते आठवत नाही.